घरटं काढलं तरी पक्षी पुन्हा तिथेच येतात: काय तपासायचं, केव्हा हात लावायचा, केव्हा थांबायचं

घरटं काढलं, जागा धुतली, आणि पंधरा दिवसांत पुन्हा तिथेच काड्या. हा त्रास मी आधी स्वतःच्या घरात भोगला, मग शेजाऱ्यांच्या आणि नातेवाइकांच्या घरी जाऊन निस्तरला. जिथे जाते तिथे दोन चुका दिसतात. लोक घरटं काढतात पण जागा उघडी ठेवतात. आणि ज्या दिवसांत हात लावायचा नसतो नेमका त्याच दिवसांत हात लावतात. दिवस मोजायला शिकलात तर निम्मं काम होतं, म्हणून पुढचा सगळा क्रम दिवसांभोवती लावला आहे.

लक्षणं

तुमच्याकडे यातलं काय चाललंय ते आधी बघा.

- सज्ज्यावर, एसीच्या बाहेरच्या युनिटमागे किंवा बाल्कनीच्या कोपऱ्यात चार आडव्यातिडव्या काड्या, खाली विष्ठेचे थर आणि पहाटेपासून घुमणं.
- एक्झॉस्ट फॅन किंवा व्हेंटिलेटरच्या भोकातून गवत, दोरे, पिसं लोंबतात. फॅन लावला की काहीतरी घासल्याचा आवाज येतो.
- पन्हळीतून पाणी उतरत नाही, भिंतीला ओल येते.
- झाडांना पाणी घालायला गेलं की ठरावीक कुंडीतून एखादा पक्षी भुर्रकन उडतो.
- अंगणात एकाच जागी कावळा किंवा घार डोक्यावर झेप घेते.
- एखादा पक्षी दिवसभर खिडकीच्या काचेवर नाहीतर गाडीच्या आरशावर चोच आपटतो.
- पिल्लं उडून गेल्यावर घरात अंगाला खाज सुटते, उशीवर किंवा भिंतीवर टाचणीच्या टोकाएवढे किडे हलताना दिसतात.

स्वस्तातल्या उपायांकडे जाण्याआधी एक गोष्ट क्रम मोडून सांगते. घरटं गॅस गीझरच्या, बॉयलरच्या किंवा चुलीच्या धुराड्यात असेल, तर ते उपकरण आत्ता बंद करा आणि मोकळं झाल्याची खात्री होईपर्यंत लावू नका. वाट तुंबली की कार्बन मोनॉक्साइड घरात शिरतो. त्याला वास नसतो, रंग नसतो, आणि त्याने माणूस झोपेतच दगावतो. पिल्लं उडेपर्यंत थांबायचा माझा सगळा सल्ला या एका जागेला लागू नाही. तिथे त्याच दिवशी जाणकार माणूस बोलवायचा.

नुसतं बघा

फुकटातलं आणि सगळ्यात महत्त्वाचं काम हेच. लांब उभं राहून पंधरा-वीस मिनिटं बघा की पक्षी कोण आहे आणि चोचीत काय आणतोय. काड्या, गवत, कापूस नेत असेल तर बांधकाम चालू आहे. चोचीत अळ्या-किडे घेऊन दर काही मिनिटांनी ये-जा असेल तर आत पिल्लं आहेत. काहीच न नेता जाऊन शांत बसून राहत असेल तर अंडी उबवणं चालू आहे.

कबुतराला यातलं दुसरं लागू पडत नाही. ते पिल्लांना किडे भरवत नाही. नर आणि मादी दोघांच्याही अन्नपिशवीत दुधासारखा दाट स्राव तयार होतो आणि सुरुवातीचे दिवस पिल्लं त्यावरच वाढतात. त्यामुळे चोच रिकामी दिसली तरी आत पिल्लू असू शकतं. शिवाय दोघं पाळीपाळीने बसतात, नर साधारण सकाळी उशिरापासून दुपारपर्यंत आणि मादी बाकीचा वेळ. एक उडून गेलं म्हणून घरटं सोडलं असं धरू नका.

जागा उंच असेल तर काठीला छोटा आरसा बांधा किंवा फोन वर धरून एक फोटो काढा, फ्लॅश बंद ठेवून. एकदाच. रोज डोकावू नका, कारण आपण जिथे वारंवार जातो तिकडे कावळ्याचंही लक्ष असतं.

आता दिवस. कबुतर बहुधा दोन पांढरी अंडी घालतं. ती १७ ते १९ दिवसांत फुटतात आणि पिल्लं पुढे साधारण महिनाभराने उडतात, म्हणजे जवळजवळ सात आठवडे. चिमणीची अंडी ११ ते १४ दिवसांत फुटतात आणि पिल्लं दोनेक आठवड्यांत बाहेर पडतात. बुलबुल दोन-तीन अंडी घालतो आणि त्याचं सगळं महिन्याच्या आत आटोपतं. साळुंकीला अंडी पडल्यापासून जवळपास दीड महिना लागतो. पहिल्या फोटोची तारीख कॅलेंडरवर लिहा आणि पुढे मोजा. हा हिशेब ठेवला की रोजची चिडचिड कमी होते हा माझा अनुभव आहे, कारण त्रासाला शेवटची तारीख मिळते.

एक गैरसमज इथेच काढून टाकते. अंडी थंड आहेत, वर कुणी बसत नाही, म्हणजे पक्ष्याने टाकून दिली असं लोक ठरवतात आणि उचलून फेकतात. बरेच छोटे पक्षी दिवसाला एकच अंडं घालतात आणि सगळी घालून होत आल्यावरच उबवायला बसतात. तोपर्यंत अंडी थंडच असतात. ती टाकलेली नसतात.

काड्याच आहेत, अंडं नाही

ही वेळ सापडली तर तुमचं काम सगळ्यात सोपं. पण काडी उचलण्याआधी तुमच्याकडचा कायदा बघा. भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या अनुसूचीतल्या पक्ष्यांची अंडी फोडणं किंवा घरटं विस्कटणं शिकारीच्या व्याख्येत येतं. ब्रिटनमध्ये १९८१ च्या कायद्याने वापरातल्या घरट्याबरोबर बांधकाम चालू असलेलं घरटंही मोडता येत नाही. अमेरिकेत १९१८ चा स्थलांतरित पक्ष्यांचा कायदा बहुतेक देशी पक्ष्यांना लागू आहे, मात्र रस्त्यावरचं कबुतर आणि घरचिमणी त्याबाहेर राहतात.

काढायची मुभा असेल तर काड्या रोज काढायच्या. रोज म्हणजे रोज. कबुतराचा नर एकेक काडी आणून देतो आणि मादी बसल्या जागी ती अंगाखाली सारते. तुम्ही एकदा झाडून घेतलं तर त्यांचा अर्धा दिवस वाया जातो, इतकंच. दोन दिवस काढून तिसऱ्या दिवशी विसरलात, तर चौथ्या दिवशी तिथे अंडं असू शकतं आणि मग तुमचे हात बांधले जातात. मी काढते तेव्हा सलग दहा-बारा दिवस काढते आणि त्याच दिवसांत ती जागा बंद करायची सोय करते. नुसत्या झाडण्यावर कबुतर हरल्याचं मी क्वचितच पाहिलं आहे.

त्यांना तिथे काय मिळतंय

कबुतराचे रानातले पूर्वज कड्याकपारींत राहणारे. आपला सज्जा, एसीचं युनिट, पाइपांची चौकट हे सगळं त्याच्या लेखी कडाच: वर छप्पर, मागे भिंत, समोर मोकळं आकाश. त्यात आपण अडगळीची भर घालतो. जिथे जिथे तक्रार ऐकून गेले तिथे घरटं बहुतेक वेळा कशाच्या तरी आड होतं. उपडी बादली, रिकाम्या कुंड्यांची उतरंड, भिंतीला टेकवलेली फळी. अडगळ हलवा आणि कोपरा उघडा, उजेडाचा करा. याला पैसे लागत नाहीत आणि अर्ध्या घरांत एवढंच पुरतं.

जवळपास धान्य टाकलं जात असेल, पाळीव प्राण्याची थाळी उघडी राहत असेल, एसीचं पाणी साचत असेल, तर तेही थांबवायला हवं. एका खिडकीत दाणे टाकून दुसऱ्या खिडकीत जाळी लावणं मला पटत नाही. पाखरांना दाणा-पाणी द्यायची मनापासून इच्छा असेल तर ती जागा घरापासून लांब ठेवा.

अंडी किंवा पिल्लं आहेत

मग थांबायचं. कायद्याचं बाजूला ठेवलं तरी हेच सांगेन. थांबायचं आहे काही आठवड्यांचं, आणि त्या काळात त्रास कमी करता येतो.

घरट्याखाली जाड पुठ्ठा किंवा जुना ट्रे सरकवा, विष्ठा त्यावर पडेल. तो दर आठवड्याला बदला. एक्झॉस्ट फॅनचं बटण टेप लावून बंद करा, नाहीतर घरातलं कुणीतरी सवयीने दाबतंच. मांजर असेल तर ती खिडकी बंद ठेवा. झाडाची छाटणी पुढे ढकला. शिंपी पक्षी जिवंत पानं एकमेकांना शिवून आत घरटं करतो, आणि ते पान कापेपर्यंत आपल्याला कळतही नाही.

माझ्या टांगत्या कुंडीत बुलबुलाने वाटीएवढं घरटं केलं होतं, कुंडीच्या काठापासून दोन बोटं आत. बारीक मुळ्यांचं, कडेला कोळ्याचं जाळं गुंडाळलेलं, आत तांबूस ठिपक्यांची तीन अंडी. झारीने पाणी घातलं असतं तर सगळं भिजलं असतं. म्हणून बाटलीच्या झाकणाला भोक पाडलं आणि कुंडीच्या दुसऱ्या बाजूने, मादी बाहेर गेल्यावर, दिवसाआड थेंब थेंब पाणी घातलं. झाड थोडं सुकलं. पण जगलं, आणि तिन्ही पिल्लं उडाली.

पिल्लांना पिसं फुटली की जवळ जाणं पूर्ण थांबवा. त्या शेवटच्या दिवसांत दचकली तर ती उडता येण्याआधीच खाली उड्या टाकतात. खाली पडलेलं पिल्लू सापडलं तर आधी त्याच्या अंगाकडे बघा. अंग उघडं, डोळे मिटलेले असतील तर उचलून घरट्यात परत ठेवा. माणसाचा हात लागला की आई टाकते हे खरं नाही. अंगभर पिसं असतील, टुणटुण उड्या मारत असेल, तर ते उडायला शिकतंय आणि आईबाप जवळच आहेत. मांजर-कुत्रं दूर ठेवा आणि त्याला तिथेच राहू द्या. चांगल्या मनाने घरी नेलेली अशी कितीतरी पिल्लं मरतात.

डोक्यावर झेपा घेणारा कावळा किंवा घार घरट्यापासून आपल्याला हाकलत असतात. बहुधा पाठीमागून येतात. दोन-तीन आठवडे वाट बदला, जाणं टळत नसेल तर छत्री उघडून जा. दगड मारू नका, त्याने झेपा वाढतात.

काचेवर चोच मारणाऱ्याचं कारण वेगळं. विणीच्या हंगामात त्याला काचेतलं स्वतःचं प्रतिबिंब म्हणजे आपल्या हद्दीत शिरलेला दुसरा नर वाटतो. आतून पडदा ओढून उपयोग होत नाही, उलट आरसा अधिक चांगला होतो. कागद किंवा कापड बाहेरच्या बाजूने लावा. गाडीच्या आरशावर मोजा चढवा. हंगाम सरला की हे आपोआप थांबतं.

पिल्लं उडाली, आता साफसफाई

इथे घाई हवी. कबुतराची मादी पहिली पिल्लं पूर्ण उडायच्या आधीच पुढची अंडी घालू शकते. म्हणून पिल्लं मोठी दिसायला लागली की दुरून रोज नजर टाका, आणि जागा खरोखर रिकामी झाली की त्याच दिवशी कामाला लागा.

वाळलेली विष्ठा झाडूने झाडू नका. सगळ्यात जास्त लोक चुकतात ते इथे. वाळलेल्या विष्ठेच्या धुळीतून बुरशीचे आणि जिवाणूंचे आजार फुप्फुसात जातात, आणि कबुतरांच्या सततच्या सहवासाने काहींच्या फुप्फुसांना कायमची सूज येते. आधी दारं-खिडक्या लावून घ्या, हातमोजे आणि एन-९५ मास्क घाला. साबणाचं पाणी फवारून दहा-पंधरा मिनिटं भिजू द्या, ओलं असतानाच खरवडा, दोन पिशव्यांत बांधा, मग जागा जंतुनाशकाने पुसा. घरात दमेकरी, लहान मूल, गरोदर बाई किंवा प्रतिकारशक्ती कमी झालेलं कुणी असेल तर त्यांनी त्या खोलीतही थांबू नये.

घरात दिसणारे बारीक किडे याच जागेतून आलेले असतात. पक्ष्यांच्या रक्तावर जगणारे हे माइट घरटं रिकामं झालं की भुकेने आत शिरतात, माणसाला चावतात, पण माणसावर त्यांची वंशवेल वाढत नाही. नुसती घरात औषधं फवारून काही होत नाही. घरटं उचला, फटी व्हॅक्युमने ओढून घ्या, चादरी गरम पाण्यात धुवा. काही आठवड्यांत ते संपतात.

जागा बंद करणं

कष्टाचं आणि खर्चाचं काम, पण हे केल्याशिवाय मागचं सगळं दर विणीला पुन्हा करावं लागेल.

भोक बंद करण्याआधी आत कुणी नाही याची खात्री करा. माझी पद्धत अशी: विणीचा हंगाम नसताना भोकात चुरगळलेला कागद सैल कोंबायचा. दोन-तीन दिवस तो तसाच राहिला तर आत-बाहेर कुणी करत नाही. ओढला गेला, बाहेर पडला, तर थांबायचं. मग भोकावर तारेची जाळी स्क्रूने बसवायची. फोम किंवा कापड कोंबू नका, ते उपसून काढतात. हवा खेळायची भोकं कधीच पूर्ण बुजवू नका.

बाल्कनीच्या जाळीचं माप पक्ष्याप्रमाणे ठरतं. कबुतरासाठी ५० मिलिमीटरचा डोळा चालतो, साळुंकीच्या आकाराच्या पक्ष्यांसाठी २८, आणि चिमण्यांसाठी १९. मोठ्या डोळ्याच्या जाळीतून चिमण्या सहज आत येतात आणि मग बाहेरची वाट न सापडून धडपडतात. जाळी वाद्यासारखी ताणलेली हवी. सैल जाळीत पाय अडकून पक्षी रात्रभर लोंबकळतो. कडेला हात शिरेल एवढी फट असेल तर कबुतर ती शोधून काढतंच.

अरुंद सज्ज्यावर गुळगुळीत पत्रा तिरका बसवला तरी चालतं, चढ ४५ अंशांहून जास्त ठेवा. काटेरी पट्ट्यांवर माझा फारसा विश्वास नाही. त्या काट्यांत काड्या अडकवून कबुतरं आयतं घरटं करतात. २०२३ मध्ये नेदरलँड्समधल्या संशोधकांनी तर पक्षी हाकलायचे हेच काटे उपटून कावळ्यांनी आणि मॅगपाय पक्ष्यांनी आपली घरटी बांधल्याची नोंद केली. बेल्जियममधल्या अँटवर्प शहरातल्या एका घरट्यात असे सुमारे १५०० काटे होते.

चमकत्या सीडी, प्लास्टिकचं घुबड, आवाजाची यंत्रं यांना पक्षी थोड्या दिवसांत सरावतात. चिकट जेल लावू नका, त्यात छोटे पक्षी चिकटून मरतात. डांबरगोळ्याही नकोत, त्यांची वाफ आपल्यालाच बाधते.

चिमणीला जागा नाकारायचं मन होत नसेल, तर फॅनचं भोक बंद करून थोडं दूर, सावलीत, मांजराच्या टप्प्याबाहेर लाकडी पेटी टांगा. दाराचं भोक ३२ मिलिमीटरचं, पुढे बसायची काडी नको. पहिल्या वर्षी रिकामी राहिली तरी काढू नका.

इथे थांबा आणि माणूस बोलवा

धुराड्याचं वर सांगितलंच. शिडीवर चढून किंवा कठड्याबाहेर वाकून करायचं काहीही स्वतः करू नका, एका घरट्यासाठी माणसं पडलेली आहेत. घरटं विजेच्या मीटरवर, तारांच्या जोडावर किंवा चालू युनिटच्या आत असेल तर इलेक्ट्रिशियनशिवाय हात घालू नका. माळ्यावर किंवा डक्टमध्ये वर्षानुवर्षांचा विष्ठेचा थर असेल तर तो घरच्या मास्कने काढायचा विषय राहत नाही. साफसफाईनंतर खोकला, धाप, ताप आला तर डॉक्टरांकडे जा आणि पक्ष्यांच्या विष्ठेचा संबंध आल्याचं आपणहून सांगा. घुबड, घार, ससाणा असे पक्षी, जखमी पक्षी, किंवा आईबाप दोन्ही मेलेली पिल्लं असतील तर वनविभागाला किंवा वन्यजीव बचाव केंद्राला कळवा. रानपक्षी घरी वाढवायला घेऊ नका.

जाळी लावायला माणूस बोलवाल तेव्हा मात्र त्याच्याजवळ उभे राहा. एका घरी मला जाळी लावून दोन दिवस झाल्यावर बोलावलं होतं. एक कबुतर बाहेरून जाळीला नखं रोवून बसलं होतं, उडवलं तरी पुन्हा येत होतं. युनिटमागून बारीक शिट्टीसारखा आवाज. टॉर्च टाकला तर कोपऱ्यात पिवळी विरळ लव असलेलं एक पिल्लू, अंगाच्या मानाने मोठी चोच, गळ्याखालची पिशवी सपाट पडलेली. शेजारचं दुसरं गेलेलं. आम्ही जाळीचा खालचा कोपरा सोडला आणि खोलीत येऊन पडद्याआड थांबलो. अर्ध्या तासाने ते कबुतर आत शिरलं, आणि पिल्लाने उभं राहायचीही ताकद नसताना आपली चोच त्याच्या घशात खुपसली. तो कोपरा आम्ही चार आठवडे तसाच सोडून ठेवला.

म्हणून शेवटचा हुक मारण्याआधी कारागिराला थांबवा, स्वतः टॉर्च घ्या, आणि युनिटच्या मागे, खाली, पाइपांच्या आड बघून घ्या.